वास फोडणीचा नाही, दुधाचा आहे

एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं: त्या मूळच्या चिपळूणच्या. गेली तीन वर्षं नवरा आणि अडीच वर्षांच्या मुलासह उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बदामी रंगाचं कार्पेट आहे. ऑक्टोबरात मुलाच्या हातून सोफ्याजवळ दुधाची बाटली उपडी झाली. त्यांनी लगेच गरम पाणी आणि व्हिनेगर घेऊन पुसून काढलं. नोव्हेंबरात आई आल्या होत्या, तेव्हा दोनतीनदा बांगडे तळले गेले आणि आमटी सांडून हळदीचा डाग पडला. डिसेंबरपासून खोलीला, विशेषतः सोफ्याजवळ, आंबूस, कुबट वास येतोय. शेजारीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, "करी केलीय वाटतं?" त्या दिवसापासून यांच्या घरात मासे बंद आहेत, फोडणीही जवळजवळ बंद. सुवासिक पावडरी झाल्या, स्प्रे झाले, भाड्याने आणलेलं वाफेचं मशीनही फिरवून झालं. दोन दिवस बरे जातात आणि वास परत येतो. पावसात, कपडे रेडिएटरवर वाळत घातले की जास्तच. मे महिन्यात घर सोडायचं आहे. यजमानांचं मत, घरमालकाला काही सांगू नये, शेवटच्या आठवड्यात सफाईवाले बोलवावेत. त्या विचारतात: "आमच्या जेवणाचा वास या घरातून कसा घालवू? आणि नव्या घरात आपला स्वयंपाक करावा की करू नये?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'आमच्या जेवणाचा वास' या शब्दांपाशी थांबले. हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमच्या पत्रातली हकिकत वेगळंच सांगते. तीन महिने घरात मासे शिजलेले नाहीत. फोडणीही क्वचित. तरी वास तसाच आहे, एका जागी आहे, आणि ती जागा स्वयंपाकघराजवळ नाही, सोफ्याजवळ आहे. फोडणीचा वास असा वागत नाही. तो घरभर पसरतो आणि खिडक्या उघडल्या की दोनचार दिवसांत विरतो.

आणखी एक गोष्ट. वासाबद्दल लिहिताना तुमच्या लेखणीतून आपोआप आलेला पहिला शब्द होता 'आंबूस', दुसरा 'कुबट'. आपल्या भाषेत वासांना फार नेमके शब्द आहेत, आणि माझा अनुभव असा की योग्य शब्द सापडला की अर्धा उपाय सापडतो. मासळीचा वास वशाट. जुन्या तेलातुपाचा खवट. करपलेल्या दुधाचा करपट. ओलीत राहिलेल्या कपड्यांचा कुबट. आणि आंबूस कशाचा, हे कोकणातल्या मुलीला मी सांगायला नको. तो वास नासलेल्या दुधाचा आहे. ऑक्टोबरात सांडलेलं दूध अजून त्या खोलीत आहे.

दुधात साखर, प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. साखरेचं जंतू लॅक्टिक आम्ल करतात, आपण विरजण लावतो तेव्हा होतं तेच. स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटतं. खवट लोण्याचा, बाळाने दूध ओकल्यावर कपड्याला येतो तो वास याचाच. आणि प्रथिनं धाग्यांना डिंकासारखी चिकटून बसतात. कोरड्या दिवसांत हे सगळं निपचित पडून असतं. हवेत दमटपणा आला की जागं होतं. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. तुमच्या वासाचं वेळापत्रक त्यामुळेच पावसाशी आणि रेडिएटरवरच्या कपड्यांशी जुळतंय.

आता त्या दिवशी तुम्ही जे केलंत त्याबद्दल. कुणीही हेच केलं असतं, म्हणून मन लावून घेऊ नका. पण दुधावर आम्ल घातलं की ते फाटतं, पनीर करताना आपण मुद्दाम फाडतो तसं. व्हिनेगरने ते दूध धाग्यांच्या मुळाशी फाटलं. गरम पाण्याने आणि नंतरच्या वाफेने प्रथिनं आणखी घट्ट झाली. सांडलेल्या दुधाला पाणी गारच हवं, अंडं सांडलं तरी गारच. आधी कापडाने टिपायचं, घासायचं नाही, मग गार पाणी थोडं थोडं घालून पुन्हा टिपायचं. ज्यांच्या घरी लहान मूल आणि कार्पेट दोन्ही आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सुवासिक पावडरींचं मला खरोखर वाईट वाटतं. पैसे जातात आणि काम वाढतं. ती बारीक पूड धाग्यांत बसते, ओली झाली की तिची लापशी होते, आणि तिच्या अत्तरात आंबूसपणा मिसळून तिसराच वास तयार होतो. कामाला लागण्याआधी ती व्हॅक्यूमने जितकी निघेल तितकी काढा, आणि व्हॅक्यूमची पिशवी आणि गाळणीही तपासा. बऱ्याच घरांत कार्पेट धुऊन होतं आणि वास मात्र व्हॅक्यूममधून येत राहतो.

पहिलं काम जागा शोधण्याचं. घरात राहून आपलं नाक त्या वासाला सरावतं, म्हणून अर्धा तास बाहेर फिरून या आणि मगच हुंगा. सोफा सरकवा. सोफ्याजवळ आणि खोलीत इतरत्र पाचसहा ठिकाणी स्टीलची पातेली उपडी घालून तासभर ठेवा, मग एकेक उचलून लगेच खाली वाकून वास घ्या. ज्याखाली वास कोंडलेला असेल ती जागा खडूने आखून घ्या. दूध खाली झिरपताना पसरतं. वर तळहाताएवढा डाग दिसत असेल तर खाली तो ताटाएवढा असू शकतो.

मग कार्पेटचा एक कोपरा उचला. हे वाचून धडकी भरेल, पण भिंतीलगतचं कार्पेट फक्त खिळ्यांच्या पट्टीत अडकवलेलं असतं. डाग भिंतीच्या जवळ असेल तर पकडीने कोपरा हलकेच वर ओढला की निघतो, आणि नंतर दाबून परत बसवता येतो. पट्टीचे खिळे टोकदार असतात, मुलाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. कार्पेटखाली फोमचं किंवा नमद्यासारखं अस्तर असतं, तिथे अंडरले म्हणतात ते. त्याचा वास घ्या. तुमचं पुढचं सगळं त्या एका हुंगण्यावर ठरेल.

अस्तर स्वच्छ असेल तर दूध वरच्या धाग्यांतच अडकलं आहे आणि काम तुमच्या हातातलं आहे. आधी कार्पेट कशाचं आहे ते पाहा. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातले दोनतीन धागे उपटून, सिंकवर चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख राहिली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. इंग्लंडमधल्या घरांत दोन्ही सापडतात, आणि लोकर-नायलॉनचं मिश्रणही पुष्कळ असतं.

हे पाहायचं कारण, दुधावरचा खरा उपाय एन्झाइमवाला क्लीनर हा आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात कुत्र्यामांजरांच्या डागांसाठी मिळतो तो. त्यातली एन्झाइम्स प्रथिनं आणि स्निग्धांश तोडतात, नुसता वास झाकत नाहीत. पण लोकरही प्रथिनच. म्हणून लोकरीच्या कार्पेटला ते लोकरीसाठी चालतं असं बाटलीवर लिहिलेलं असेल तरच वापरा, आणि लपलेल्या कोपऱ्यात आधी करून पाहा. कपडे धुण्याची 'बायो' पावडर, म्हणजे एन्झाइम घातलेली, लोकरीवर अजिबात नको. ब्लीच तर कोणत्याच कार्पेटवर नको. ते लोकर खाऊन टाकतं, आणि व्हिनेगरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एन्झाइमला वेळ लागतो आणि ओल लागते. फवारलं आणि पाच मिनिटांत पुसलं, तर काहीच होत नाही. दूध जितकं खोल गेलं होतं तितक्या खोल ते द्रावण गेलं पाहिजे. आखलेल्या जागेवर आणि भोवती वीतभर ओता, वर प्लास्टिकची पातळ फिल्म अंथरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. आधी तिथे जंतुनाशक किंवा साबण मारला असेल तर गार पाण्याने तो धुऊन टिपून घ्या, नाहीतर एन्झाइम चालत नाही. सकाळी टिपा, गार पाणी घाला, पुन्हा टिपा. पाणी ओढून घेणारं मशीन भाड्याने मिळतं, ते आणलंत तर उत्तम, मात्र त्यात गार पाणीच भरा. तुमच्यासारखं जुनं, दोनदा शिजलेलं दूध असेल तर हा सगळा प्रकार दोनदा, कदाचित तीनदा करावा लागेल. पहिल्या खेपेला वास वाढल्यासारखा वाटेल, कारण वाळलेलं दूध ओलं होतंय. घाबरून मध्येच सोडू नका.

वाळवणं ही यातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कार्पेट वाळताना खालची घाण पाण्याबरोबर धाग्यांच्या टोकांपर्यंत चढते. 'दोन दिवस बरं आणि मग परत' यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून धुऊन झाल्यावर त्या जागेवर जाड पांढरा टॉवेल घडी करून ठेवा, वर पुस्तकांचा नाहीतर भरलेल्या पातेल्याचा भार द्या. वर चढणारी घाण टॉवेलमध्ये येते. टॉवेल बदलत राहा. नंतर पंखा, हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र, उघडी खिडकी, जे असेल ते लावा. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत ते कोरडं झालं पाहिजे. त्याहून जास्त ओल राहिली तर आंबूस जाऊन कुबट येईल, म्हणजे बुरशी. त्या दिवसांत कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

पूर्ण वाळल्यावरही हलकासा आंबूसपणा उरला तर खायचा सोडा. दुकानात बेकिंग पावडर आणि सोडा शेजारी शेजारी असतात, त्यातला सोडा घ्यायचा. पातळ थर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. उरलेल्या आम्लांना तो मारतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचा उपाय जिकडे तिकडे सांगितला जातो. दिसतो जोरदार, पण दोघं एकमेकांनाच संपवतात आणि धाग्यांना मीठपाणी तेवढं मिळतं.

तुमच्या कार्पेटवर हळद आहे, म्हणून एक इशारा. त्या डागावर सोडा टाकू नका. हळद अल्काच्या, म्हणजे सोडा-चुन्यासारख्या द्रव्याच्या, संगतीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. बदामी कार्पेटवर पिवळ्याचा लाल डाग करून घेऊ नका. हळदीचा रंग उन्हात विरतो. तो डाग खिडकीतल्या उन्हात येत असेल तर पडदा उघडा ठेवा आणि मार्च-एप्रिलचं ऊन त्याला मिळू द्या.

आता दुसरी शक्यता. कोपरा उचलला आणि अस्तरच आंबलेलं निघालं तर वरून कितीही धुतलं तरी वास जाणार नाही. फोम स्पंजसारखं दूध धरून बसतो. अशा वेळी तेवढा तुकडा कापून नवा बसवणं हाच उपाय. अस्तर कार्पेटच्या मानाने स्वस्त असतं आणि कार्पेट बसवणाऱ्याला हे काम फार मोठं नसतं. खालच्या लाकडातही मुरलं असेल तर आधी फळी पुसून, वाळवून तिच्यावर शेलॅकचा प्रायमर मारतात. शेलॅक म्हणजे आपली लाखच. तिच्या थरातून वास वर येत नाही.

पण हे घर तुमचं नाही. अस्तर कापण्याआधी घरमालकाला विचारावंच लागेल. इथे माझं मत यजमानांपेक्षा वेगळं आहे. लपवण्यामागची भीती मला समजते. परक्या देशात, हप्त्यांच्या ओझ्यात, अनामत रक्कम बुडाली तर? पण शेवटच्या आठवड्यात बोलावलेले सफाईवाले बहुधा गरम पाण्याचं मशीन फिरवतील, तुम्ही एकदा करून पाहिलंत तेच. चावी देण्याच्या दिवशी कार्पेट ओलं असेल आणि वास जागा झालेला असेल. तेव्हा बोलण्यापेक्षा आत्ताच एक साधी ईमेल करा: अमुक महिन्यात दूध सांडलं, आम्ही हे हे केलं, अस्तर खराब झालंय असं दिसतंय, आमच्या खर्चाने तेवढा भाग बदलून घेऊ का? सोबत फोटो जोडा.

कायदाही तुम्हाला वाटतो तितका तुमच्या विरुद्ध नाही. इंग्लंडमध्ये नेहमीच्या खासगी भाडेकरारात अनामत रक्कम ३० दिवसांच्या आत सरकारमान्य ठेव योजनेत नोंदवावी लागते, आणि वाद झाला तर त्या योजनेकडून विनाशुल्क निवाडा मिळतो. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकरू शुल्क कायद्याने, वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर अनामत ५ आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. सफाईसाठी अमुक कंपनीला पैसे द्याच, अशी सक्तीही करता येत नाही. घर मिळालं तेव्हा होतं तितकं स्वच्छ परत द्यायचं, स्वतः करा नाहीतर करून घ्या. दूध सांडणं ही रोजच्या वापरातली झीज धरली जाणार नाही, ती जबाबदारी तुमचीच. मात्र जुन्या कार्पेटच्या बदल्यात अख्ख्या नव्याची किंमत मालकाला वसूल करता येत नाही, कार्पेटचं वय धरावं लागतं. दहा वर्षं टिकेल असं कार्पेट सात वर्षांचं झालं असेल तर हिशेब उरलेल्या तीन वर्षांचा. प्रवेशाच्या वेळची यादी आणि फोटो शोधून ठेवा.

आता फोडणीकडे येते, कारण तुमचा खरा सल तिथे आहे असं मला वाटतं. शेजारणीचं ते एक वाक्य तुम्ही तीन महिने उराशी धरलंत आणि घरातली फोडणी बंद केलीत. चिपळूणची मुलगी बांगड्याशिवाय, मोहरी-हिंगाशिवाय राहतेय, आणि वास दुधाचा आहे, जे त्या शेजारणीच्या घरीही रोज येतं. ती कदाचित सहजही बोलली असेल, मला माहीत नाही. पण त्या प्रश्नामागे काय काय असू शकतं हे तुमच्या मनाला माहीत होतं, आणि ते उगाच नव्हतं. केंट परगण्यातल्या एका मोठ्या घरमालकाने 'करीचा वास' राहतो या सबबीखाली भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरूंना घरं द्यायची नाहीत असं धोरण ठेवलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये मेडस्टोनच्या काउंटी कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवून त्याला मनाई केली. वासाचं निमित्त करून माणसाला नाकारता येत नाही, हे तिथल्या न्यायालयाने सांगितलेलं आहे.

तेव्हा नव्या घरात आपला स्वयंपाक जरूर करा. फक्त घराची घडण वेगळी आहे हे धरून करा. आपली घरं फरशीची. शहाबादी असो की मोझेक, सांडलं की ओलं फडकं फिरवलं, झालं. सतरंजी किंवा जाजम मळलं तर गच्चीवर उन्हात टाकून झोडपलं. उचलताच येत नाही असं पांघरूण जमिनीला घालून राहायची आपल्याला सवय नव्हती, त्यात कमीपणा कसला? तळणीतून उडणारे तेलाचे बारीक कण कार्पेटच्या धाग्यांवर बसतात आणि खवट होतात, म्हणून तळताना बैठकीचं दार बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा. चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो ते बघा. परत सोडणारा असेल तर त्यातली कोळशाची गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते, आणि भाड्याच्या घरांत ती सहसा कुणी बदललेली नसते. नवं घर बघायला जाल तेव्हा जेवायच्या जागेखाली फरशी किंवा लाकूड आहे का, हे विचारून घ्या.

आणि मासळीचा वास कार्पेटला लागलाच तर तिथे तुमचा व्हिनेगर कामाचा. वशाटपणा अमाइन नावाच्या अल्कधर्मी द्रव्यांचा असतो, त्याला आम्ल मारतं. बांगड्याला आपण लिंबू, आगळ, चिंच लावतो ती याचसाठी. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीनचार भाग गार पाणी, हलका फवारा, टिपून वाळवणं. आंबूसला सोडा, वशाटाला आंबट. दुधाच्या चहाला मात्र दुधासारखंच वागवायचं, पाणी गार आणि मग एन्झाइम.

पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे सुटा गालिचा आहे त्यांचं काम सोपं आहे, एका अटीवर. गालिच्याच्या पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो बहुधा टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता धागे कापडात टोचून बसवलेला, आत लॅटेक्सचा डिंक असतो. पावसाळ्यात त्या डिंकालाच रबरासारखा वास येतो आणि घरचे चहा-दुधाला दोष देत बसतात. असा गालिचा भिजवू नका, सुकायला फार वेळ लागतो. पाठीवर गाठी दिसणारा हातविणीचा लोकरी किंवा रेशमी गालिचा असेल तर गार पाण्याने टिपण्यापलीकडे घरी काही करू नका, जाणकाराकडे द्या.

तुमच्या हातात मे महिन्यापर्यंत वेळ आहे. या शनिवारी मुलाला घेऊन यजमान बागेत जाऊ देत. तुम्ही फेरफटका मारून या, पातेली उपडी घाला, तो कोपरा उचला. खाली काय निघालं ते मला कळवा. अस्तर भिजलेलं असेल तर घरमालकाला पाठवायची ईमेल आपण मिळून लिहू.